बीट ऐकला की तुमचं नाव आठवायला हवं
सोलापूर आणि परिसरातल्या हिप-हॉप प्रोड्युसरांसाठी, म्हणजे रॅपखालचं संगीत (बीट) बनवणाऱ्यांसाठी, आमच्या स्टुडिओचं माहितीपत्रक

मिक्सिंगसाठी आमच्याकडे येणारी मुलं हमखास विचारतात, "दादा, बीट तर बरे होतात, पण नाव कसं होणार?" हे पत्रक त्यासाठीच काढलं आहे.

आज सॉफ्टवेअर सगळ्यांकडे तेच, ड्रम किट तेच आणि लूपही तेच. एखाद्या मोठ्या कलाकाराच्या धाटणीचा बीट सरावासाठी जरूर करा, हात बसतो. पण तो ऐकून रॅपरला तो कलाकार आठवतो, तुम्ही नाही. वेगळं उठून दिसायचं तर आवाज स्वतः गोळा करायला हवेत, आणि त्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक, गड्डा यात्रेतली गर्दी, पूर्व भागातल्या यंत्रमागांची खटखट हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कारखान्यात रेकॉर्डिंग करायचं असेल तर मालकाला आधी विचारा.

हलगीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिचं रेकॉर्डिंग बहुतेक जण घाईत उरकतात. वाजवणाऱ्याला आधी हलगी शेकू द्या. कातडं ताणलं गेल्याशिवाय तो कडक आवाज निघत नाही. माइक अगदी तोंडाशी धरलात तर आवाज फाटतो, म्हणून दोन-तीन फूट लांब ठेवा आणि लेव्हल कमीच राखा. जाड टिपरूचा ठोका वेगळा घ्या, बारीक काडीचा वेगळा, आणि प्रत्येक ठोका हळू, मध्यम, जोरात असा तिन्ही ताकदीने घ्या. एकच ठोका पुन्हा पुन्हा लावलेली हलगी यंत्रासारखी वाजते, कान लगेच ओळखतो. आणि वाजवणाऱ्याला त्याचं मानधन द्या, गाण्यावर त्याचं नावही द्या.

आपले लोकठेके अनेकदा सहाच्या अंगाने झुलतात. त्यांना सोळाच्या ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या सोळा सारख्या घरांच्या आखणीवर) ठोकून बसवलं की जीव जातो. ग्रिड ट्रिपलेटवर (तीन-तीनच्या घरांवर) घ्या किंवा स्विंग (ठोक्यांचा झोल) वाढवा, आणि सगळंच क्वांटाइझ करू नका, म्हणजे प्रत्येक ठोका रेषेवर ओढू नका. डेट्रॉइटचा हिप-हॉप प्रोड्युसर जे डिला याची ओळखच मुळी ग्रिडवरून जरा सरकलेल्या ड्रम्समुळे झाली. त्याचं एमपीसी ३००० हे बीट बनवायचं यंत्र आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे. यंत्र बाजारात मिळणारंच होतं, ठेका त्याचा होता.

८०८ चा (त्या नावाच्या ड्रम मशीनवरून आलेला खोल) बेस गाण्याच्या पट्टीत ट्यून करा. शिवाय तुमचा बीट बहुतेक लोक मोबाइलवर ऐकणार आहेत. तिथे खालचा बेस ऐकूच येत नाही, म्हणून त्याला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटल्यासारखा करणारा इफेक्ट) द्या. वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराचे उपस्वर) आले की छोट्या स्पीकरवरही बेस जाणवतो.

आता नावाचं. शंभर बीट अपलोड करण्यापेक्षा एका चांगल्या रॅपरसोबत चार-पाच गाणी पूर्ण करा, असं आमचं ठाम मत आहे. दिल्लीचा प्रोड्युसर सेझ ऑन द बीट याचं नाव देशभर झालं त्यात मुंबईचा रॅपर डिव्हाइन याच्यासोबतच्या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे तर एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी पोरं भेटतात. त्यांच्या बोलीची लय ऐका, शब्दांना जागा सोडा. रॅपरला श्वास घ्यायला वाव देणारा प्रोड्युसर पुन्हा बोलावला जातो. टॅग (बीटमध्ये ऐकू येणारी तुमच्या नावाची हाक) लावायचा तर छोटा, आपल्या बोलीतला आणि कायम एकच ठेवा. नावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकच असू द्या, आणि गाणं डिस्ट्रिब्युटरकडे (ऑनलाइन अॅपवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे) देताना प्रोड्युसरच्या रकान्यात ते भरलं आहे ना, हे स्वतः बघा.

मैत्रीत लिहून घ्यायला संकोच वाटतो हे आम्ही रोज बघतो. तरीही लिहा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे दोन ओळी कमी लिहिल्या तरी अर्थ बदलतो. लीज (बीट नुसता वापरायला दिला) आहे की एक्सक्लुझिव्ह (फक्त त्याच रॅपरला दिला), रॉयल्टीत कुणाचा किती वाटा, हे गाणं रिलीज होण्याआधीच ठरवा. जुन्या गाण्याचा तुकडा वापरायचा असेल तर परवानगी लागतेच. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि चाल व शब्दांचा हक्क वेगळा असतो. "इतके सेकंद परवानगीशिवाय चालतात" ही नुसती ऐकीव गोष्ट आहे.

मिक्सिंगसाठी फाइल देताना प्रत्येक ट्रॅक २४ बिट वेव्हमध्ये, सगळे शून्यापासून सुरू होणारे, मास्टरवरचा (सगळ्या गाण्यावर एकत्र लागलेला) आवाज दाबणारा लिमिटर काढून द्या. फाइलच्या नावात टेंपो आणि पट्टी लिहा. "फायनल", "फायनल नवीन" अशी नावं नकोत, तारीख घाला. रॅपरलाही अशाच नेटक्या फाइल वेळेवर मिळाल्या की तो चार जणांना तुमचा नंबर देतो. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी एवढं जमवा.

पहिल्यांदा येताना पेन ड्राइव्ह, रोजच्या वापरातले हेडफोन आणि तुम्हाला आवडणारी दोन गाणी घेऊन या. तुमचा एक बीट आपण सोबत बसून ऐकू, आणि त्यात काय कमी-जास्त करायचं ते तिथेच सांगू. या पहिल्या बैठकीचे पैसे आम्ही घेत नाही.