लघवीचं माप

"ओ सिस्टर, लघवी कशाला मापायची?" कोल्हापुरात कुठल्याही वॉर्डात नातेवाईक हे विचारतातच. आजारानं किंवा औषधानं किडनीला इजा झाली की रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढतं, पण एक-दोन दिवस उशिरा. लघवी बऱ्याचदा त्याआधीच कमी झालेली असते. हिशेब असा: दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिली. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिली, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. सलग सहा तास त्याहून कमी भरली, तर सिस्टरनं सकाळच्या राउंडची वाट पाहायची नसते, रात्री दोन वाजताही डॉक्टरांना उठवायचं असतं.

औषधांचा मार किडनीलाच का? हृदयातून निघालेल्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जातो, आणि रक्तासोबत औषधही. गुऱ्हाळावर दिवसभर काहिलीपाशी उभा राहणारा माणूस घ्या. घामानं अंगातलं पाणी गेलेलं. अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाच्या जोरावर आपल्याकडे येणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवते. संध्याकाळी गुडघे ठणकतात म्हणून तो डायक्लोफेनॅक घेतो, आणि ही गोळी नेमकं तेच रसायन तयार होऊ देत नाही. त्यात बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असली, तर किडनीचे स्वतःला सावरायचे सगळेच मार्ग बंद होत जातात.

म्हणून दाखल करून घेताना आम्ही खोदून विचारतो, मेडिकलमधून काय काय आणून खाल्लंत? दुखण्याची गोळी लोक सांगत नाहीत. लपवायची असते असं नाही, त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. माझ्या मते या एका प्रश्नाला दिलेली पाच मिनिटं सगळ्यात मोलाची.

जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक इंजेक्शनं मात्र मापालाही चकवतात. ती किडनीच्या नलिकांच्या पेशींत साठत जातात, इजा बहुधा पाच-सात दिवसांनी दिसते, आणि तोवर लघवी भरपूर होत राहते. इथं क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासावं लागतं आणि डोसची वेळ काटेकोर पाळावी लागते, कारण दोन डोसांमध्ये रक्तातलं औषध उतरायला हवं.

वजनही रोज सकाळी, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. एका रात्रीत किलोभर वाढलं तर ते पाणीच.

आणि मध्यरात्री एखादी काकू, सिस्टरला त्रास नको म्हणून, मायेनं भांडं स्वतःच रिकामं करून येते. चार्टवरचा तो रकाना कोरा राहतो. सहा तास मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.