सुआलकुची

सुआलकुची : आसामच्या कामरूप जिल्ह्यातलं रेशीम विणणाऱ्यांचं गाव, आता खरं तर छोटं शहरच झालंय. ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर, गुवाहाटीपासून रस्त्याने साधारण 35 किमी. असमिया उच्चार वेगळा आहे, सुरुवातीचा ‘स’ तिथे ख आणि ह यांच्या मधे कुठेतरी येतो आणि त्याला आपल्याकडे अक्षर नाही, म्हणून मराठीत सुआलकुची, सुवालकुची दोन्ही लिहिलेलं दिसतं.

नाव कुठून आलं यावर एकमत नाही. एक मत असं की कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं ‘सुवर्णकुड्य’ म्हणजेच हे गाव. तिथे दुकूल वस्त्राचे प्रकार सांगताना वंगाचं पांढरं, पुंड्राचं काळसर आणि सुवर्णकुड्याचं ‘सूर्यवर्ण’ असं म्हटलंय, आणि पत्रोर्णा नावाच्या कापडातही सुवर्णकुड्याचंच श्रेष्ठ ठरवलंय. अर्थशास्त्रावरच्या जुन्या टीकेत सुवर्णकुड्य कामरूपात (हे आसामकडचं जुनं राज्यही) असल्याचं सांगितलंय, त्यामुळे सूर्याच्या रंगाचं कापड म्हणजे आसामचं सोनेरी मुगा रेशीम आणि गाव म्हणजे सुआलकुची असं जोडलं जातं. जोडणी मोहक आहे पण अडचणी दोन. सूर्यवर्ण हा शब्द दुकूलासाठी आलाय आणि दुकूल हे बहुतेकांच्या मते झाडाच्या सालीच्या तंतूंचं कापड, रेशीम नव्हे. दुसरं म्हणजे पत्रोर्णेसाठी नागवृक्ष, लिकुच, बकुल आणि वट अशी चार झाडं दिलीयत, आणि मुग्याची अळी मुख्यतः ज्यांच्यावर जगते ती सोम आणि सुआलू ही झाडं त्या यादीत ओळखता येत नाहीत. सुवर्णकुड्य कामरूपात असेलही, पण त्यावरून नेमकं हेच गाव ठरवणं घाईचं वाटतं. त्यापेक्षा सुआलू झाडांची ‘कुची’ म्हणजे वस्ती किंवा बन ही साधी व्युत्पत्ती जास्त पटते, कारण -कुची शेवट असलेली गावं या भागात आणखीही आहेत.

विणकर कधी आले याबद्दल परंपरा सांगते की कामरूपाचा पालवंशी राजा धर्मपाल याने बारपेटाकडच्या तांतीकुचीहून 26 विणकर कुटुंबं आणून इथे वसवली. धर्मपालाचा काळ कुणी 11व्या शतकाच्या मध्यात धरतात तर कुणी 12व्याच्या सुरुवातीला, आणि त्याचे मिळालेले ताम्रपट जमीनदानाचे आहेत, म्हणून ही गोष्ट परंपरा म्हणूनच घ्यावी. कामरूपातलं उंची कापड मात्र त्याहून जुनं, 7व्या शतकात तिथला राजा भास्करवर्मा याने हर्षवर्धनाला पाठवलेल्या भेटींत बाणभट्टाने वस्त्रांचं वर्णन केलंय. पुढे आसामवर राज्य केलेल्या आहोम राजांच्या काळात मोमाई तामुली बरबरुआ या अधिकाऱ्याने (17वं शतक) घरोघरी सूतकताई सक्तीची केली असं म्हणतात. पण आज दिसतं तसं घराघरात माग असलेलं गाव ही बरीच अलीकडची गोष्ट आहे. साधारण 1930 पर्यंत विणकाम तांती या विणकर समाजापुरतंच होतं, मग बाकीचे समाज यात आले आणि दुसऱ्या महायुद्धात मागणी वाढल्यावर धंदा पसरला. गांधीजी 1946 मध्ये इथे येऊन गेले.

रेशीम तीन प्रकारचं, पाट, मुगा आणि एरी. पाट म्हणजे तुतीचं रेशीम, त्याचा धागा बराचसा कर्नाटकातून येतो. एरी हे नाव एरंडावरून, अळी एरंडाची पानं खाते. कोशाचं एक टोक उघडं असतं म्हणून सलग धागा निघत नाही, कापसासारखं कातावं लागतं. मुगा फक्त या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणि आसपासच्या डोंगरांत होतो, रंग न देताच सोनेरी, आणि धुण्यागणिक चमक वाढते असं वापरणारे सांगतात. त्याच्या अळ्या घरात नाही तर उघड्यावर झाडावरच वाढतात, म्हणून पक्ष्यांपासून राखण करावी लागते. वर्षात पाच-सहा पिढ्या होतात पण विकायचं पीक मुख्यतः दोनदा, जेठुआ (मे-जून) आणि कातिया (ऑक्टोबर-नोव्हेंबर). मुग्याला 2007 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. कोश सुआलकुचीत फारसे होत नाहीत, ते वरच्या आसामातून, विशेषतः ढकुआखाना भागातून आणि गारो टेकड्यांकडून येतात. जुन्या ‘भिर’वर, म्हणजे धागा काढायच्या साधनावर, धागा काढायला दोन माणसं लागतात, एकजण गरम पाण्यातल्या कोशांचे तंतू उचलून एकत्र करतो आणि दुसरा त्याला पीळ देत चाकावर गुंडाळतो, तंतू तुटला की पहिल्याने लगेच नवा कोश जोडायचा, हात थांबवायचा नाही.

बहुतेक माग दोरी ओढून धोटा फेकण्याच्या प्रकारचे, नक्षीसाठी वर जॅकार्ड यंत्रणा. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू येते. मुख्य माल मेखला-सादोर, म्हणजे असमिया बायकांचा दोन भागांचा पोशाख. यंत्रमागावर विणलेला नकली माल बनारसकडून येऊन स्वस्तात विकला जाऊ लागला तेव्हा 2013 मध्ये विणकर रस्त्यावर उतरले, माल जाळला गेला, संचारबंदी लागली. हाताने विणणाऱ्याला मजुरी कापडाच्या भावातूनच मिळते, भाव पडला की थेट घरात कळतं, त्यामुळे तो राग समजून घ्यायलाच हवा.

रस्ता : 1962 मध्ये सराईघाट पूल होईपर्यंत उत्तर काठावर जायला होडीच. आता गुवाहाटीच्या जालुकबारी भागातून पूल ओलांडून गाडीने तासाभरात पोचता येतं. दक्षिण काठावरच्या पलासबारीकडून थेट सुआलकुचीला जोडणाऱ्या पुलाची पायाभरणी 2023 ला झाली. पावसाळा टाळून ऑक्टोबर ते मार्च बरा.

जवळच हाजो, तिथलं हयग्रीव माधव मंदिर कोच राजा रघुदेवाने 1583 मध्ये बांधलं. हाजोतलं पितळेचं काम मुस्लिम मोरिया समाजाचं, ते 1533 च्या लढाईत आहोमांनी पकडलेल्या सैनिकांचे वंशज असं सांगितलं जातं. पुढे पश्चिमेला सर्थेबारी, इथे काम काशाचं. असमियात त्याला ‘काँह’ म्हणतात, मूळ कांस्य, म्हणजे आपलं कासंच. तांबं साधारण 78 आणि कथील 22 टक्के, इतकं कथील असलं की धातू थंडपणी ठोकला तर तडकतो, म्हणून कोळशात लाल करून ठोकायचा, निवला की परत भट्टीत, असं वाटी पातळ होईपर्यंत चालतं. बानबाटी, बानबोटा ही तिथली ओळखीची भांडी. कारागिरांची सहकारी संस्था 1933 ची, आणि 2024 मध्ये या कामालाही भौगोलिक निर्देशांक मिळाला.