मूत्रपिंड प्रत्यारोपणापूर्वीचे एचएलए अहवाल : रुग्ण व दात्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

आमच्या प्रयोगशाळेत टिशू टायपिंगसाठी, म्हणजे रुग्ण व दात्याच्या पेशींवरील एचएलए या ओळखखुणा जुळवून पाहण्यासाठी, येणारी बहुतेक कुटुंबे अहवाल हाती पडताच ‘किती जुळले?’ असे विचारतात आणि सहापैकी तीनच खुणा जुळल्याचे कळले की खचून जातात. या आकड्यावरून दाता नाकारला गेला असे कृपया समजू नये.

शरीर आपल्या व परक्या पेशींमधील फरक मुख्यतः एचएलए प्रथिनांवरून ओळखते. ही प्रथिने घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्यामुळे त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून सहसा अखंड मिळतो. म्हणून पालक आणि अपत्य यांच्यात किमान निम्मी जुळणी असते, तर सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता 25 टक्के, निम्मीची 50 टक्के आणि एकही संच समान नसण्याची 25 टक्के असते. 1954 साली बॉस्टन येथे झालेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते. आज प्रतिकारशक्ती आटोक्यात ठेवणारी औषधे उपलब्ध असल्याने पती-पत्नींमधील प्रत्यारोपणेही यशस्वी होतात. जुळणी अधिक असल्यास मूत्रपिंड दीर्घकाळ टिकण्याची शक्यता वाढते, हे मात्र खरे.

आमच्या मते याहून अधिक लक्ष क्रॉसमॅचकडे द्यावे. या तपासणीत दात्याच्या लिम्फोसाइट पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) रुग्णाच्या रक्तात आधीच आहेत का, हे पाहिले जाते. तशी प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात असतील, तर नवे मूत्रपिंड शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होऊ शकते. त्यामुळे येथे ‘पॉझिटिव्ह’ निष्कर्ष प्रतिकूल मानला जातो. ही प्रतिपिंडे पूर्वी मिळालेले रक्त, आधीचे प्रत्यारोपण किंवा गर्भारपण यांमुळे तयार होतात. गर्भातील बाळाकडे वडिलांचाही एचएलए संच असतो, म्हणून पत्नी रुग्ण आणि पती किंवा अपत्य दाता असेल तेव्हा हा धोका विशेष काळजीने तपासावा लागतो. झालेली बाळंतपणे, गर्भपात आणि डायलिसिसच्या काळात घेतलेल्या रक्ताच्या पिशव्या यांची माहिती आम्हांला अवश्य द्यावी. सर्वांसमोर बोलण्यास संकोच वाटल्यास आमच्या महिला तंत्रज्ञांशी स्वतंत्रपणे बोलता येईल.

औषधाच्या मात्रेतही जनुकांचा वाटा असतो. सीवायपी3ए5 जनुकाचा कार्यक्षम प्रकार असलेल्या रुग्णांच्या शरीरात टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती आटोक्यात ठेवणारे औषध लवकर विघटित होते, त्यामुळे त्यांना अनेकदा दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. शेजारच्या रुग्णाची मात्रा पाहून आपली मात्रा स्वतःहून कधीही बदलू नये.

टिशू टायपिंगसाठी उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. क्रॉसमॅच झाल्यानंतर आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास रक्त द्यावे लागले, तर ते आपल्या डॉक्टरांना व आम्हांला त्वरित कळवावे, कारण नवी प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागू शकतात आणि त्यानंतर ही तपासणी पुन्हा करावी लागते.