एका सेंटचं बूट फ्रेंचमध्ये नेताना

अमेरिकन इंग्रजीत 'पेनी ॲन्टी' असा एक शब्दप्रयोग आहे. पोकरमध्ये पानं वाटण्याआधी प्रत्येकाने मध्ये टाकायची रक्कम म्हणजे ॲन्टी. आपल्या तीन पत्तीतलं बूट. ते एका पेनीचं, म्हणजे एका सेंटचं असलं की डाव मित्रमंडळींचा, वेळ घालवण्यापुरता. पुढे हा शब्द पत्त्यांच्या टेबलावरून उठला आणि कुठल्याही किरकोळ, क्षुल्लक गोष्टीला चिकटला. पेनी ॲन्टी राजकारणी म्हणजे दीडदमडीचा पुढारी.

हे फ्रेंचमध्ये कसं न्यायचं?

पत्ते खेळणारा फ्रेंच माणूस पहिल्यांदा सुचवेल 'झुए पूर दे आरिको', म्हणजे घेवड्याच्या दाण्यांवर खेळणं. पैशांऐवजी दाणे लावायचे, उठताना ते परत डब्यात. लहान मुलांचा आणखी एक प्रयोग आहे: 'पूर द्यु बर', शब्दशः 'लोण्यासाठी'. हा डाव धरायचा नाही, हार-जीत मोजायची नाही, असा त्याचा अर्थ. दोन्ही प्रयोग गोड आहेत, पण माझ्या मते दोन्ही इथे चुकतात. एक सेंट कितीही छोटा असला तरी तो पैसा आहे आणि तो खिशातून जातो. पोकर खेळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. हरण्यासारखं काहीच नसेल तर जो तो शेवटपर्यंत डावात राहतो, आणि हातात काही नसताना मोठी रक्कम लावून दुसऱ्याला घाबरवण्यात अर्थच उरत नाही. थोडे का होईना, पैसे असले की पान टाकून देण्याचा विचार सुरू होतो. दाण्यांवर हा फरक पुसला जातो. म्हणून खरोखरच्या डावाचं वर्णन असेल तर 'पतित मीझ', म्हणजे छोट्या रकमा, हे साधं फ्रेंच सगळ्यात प्रामाणिक.

पण साधं फ्रेंच वाचताना वाक्प्रचाराची खुमारी हरवते, आणि ही केवळ चवीची बाब नाही. 1979 मध्ये डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर या मानसभाषाशास्त्रज्ञांनी लोकांना इंग्रजी शब्दसमूह दाखवून विचारलं, यातून अर्थपूर्ण वाक्यांश होतो का? वाक्प्रचारांना लोकांनी तशाच रचनेच्या साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर होकार दिला. रुळलेला वाक्प्रचार एका मोठ्या शब्दासारखा स्मृतीत साठवलेला असतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे नजरेच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांतही मातृभाषक वाचक ओळखीचे वाक्प्रचार भरभर वाचताना दिसले. ती भाषा नंतर शिकलेल्यांना मात्र तो वेग मिळाला नाही. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर व्याकरणात अचूक असूनही वाचकाला अडखळवतं. त्याच्या स्मृतीत तो शब्दसमूह साठवलेलाच नसतो.

मग फ्रेंच माणसाकडे असा कोणता तयार ठेवा आहे? 'द कात्र सू', म्हणजे 'चार सूंचा'. सू हे फ्रान्सचं जुनं नाणं. वीस सूंचा एक फ्रँक होई. आता फ्रँकही गेला, 2002 पासून हातात युरोच्या नोटा आल्या, तरी स्वस्त, फुटकळ वस्तू अजून चार सूंचीच राहिली आहे. दमडीचं आपल्याकडे तेच झालं आहे. ती कोणी पाहिलेली नाही, तरी दीडदमडीचा म्हटलं की लागायचं तिथे बरोबर लागतं.

बर्टोल्ट ब्रेख्तचं 1928 सालचं जर्मन संगीत नाटक 'तीन ग्रोशेनचं' होतं; ग्रोशेन हे छोटं जर्मन नाणं. इंग्रजीत ते तीन पेन्यांचं झालं. पु. ल. देशपांडे यांनी 1978 मध्ये त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. आकडा तोच ठेवून नाणं आपलं घेतलं. फ्रेंचमध्ये मात्र ते चार सूंचं झालं, म्हणजे तिथे आकडाही बदलला. हिशोबाने हे चूक, पण भाषेच्या दृष्टीने मला ते अगदी बरोबर वाटतं, कारण क्षुद्रपणाचा तयार आकडा फ्रेंचांकडे चार हाच आहे. तीन सू लिहिले असते तर वाचक नाणी मोजत बसला असता.

तेव्हा 'पेनी ॲन्टी घोटाळा' फ्रेंचमध्ये 'चार सूंचा घोटाळा' होईल. पोकरच्या टेबलावरचं पेनी ॲन्टी मात्र छोट्या रकमांचा डावच राहील. त्यातलं ॲन्टी तर तसंच ठेवता येतं. फ्रेंच पोकरपटूही तोच शब्द वापरतात. मुळात पोकर हे नावच 'पोक' या जुन्या फ्रेंच खेळावरून आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. फ्रेंचांबरोबर न्यू ऑर्लिन्सला पोचलेल्या त्या खेळातून पोकर घडला असावा, आणि पुढे तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींमधून उत्तरेकडे पसरला.