दोन सप्लाय आणि मधला डायोड

ऐन गळीत हंगामात, रात्री अडीचला, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची मिल थांबली. गव्हाणीत ऊस, यार्डात ट्रॅक्टरची रांग, टाक्यांत गरम रस. असा रस थांबून राहिला की त्यातल्या साखरेचं विघटन सुरू होतं आणि उतारा घसरतो. बिघाड निघाला पीएलसीच्या, म्हणजे मिलचं नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या, २४ व्होल्ट सप्लायमध्ये. पण पॅनेलमध्ये सप्लाय तर दोन होते! "नजर लागली," असं कुणीतरी म्हणालं आणि सकाळी पॅनेलच्या दाराला लिंबू-मिरची लटकली. दसऱ्याला यंत्राची पूजा मीही मनापासून करतो. पण बिघाडाला कारण असतं आणि ते मीटरने सापडतं.

दोन सप्लायच्या तारा थेट एकत्र बांधल्या तर काय होतं ते कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. एका पाइपलाइनवर दोन मोटारी असल्या आणि एक बंद पडली, तर चालू मोटारीचं पाणी बंद मोटारीतून नदीत परत जातं. म्हणून प्रत्येक मोटारीपुढे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवतात. विजेचा एनआरव्ही म्हणजे डायोड. एका सप्लायचा आउटपुट शॉर्ट झाला तरी दुसऱ्याचा करंट डायोड तिकडे जाऊ देत नाही.

याची किंमत मोजावी लागते. सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात. पीएलसीला त्याचं काही वाटत नाही, ती साधारण २०.४ ते २८.८ व्होल्टपर्यंत चालते. पण २० अँपिअरला ०.७ गुणिले २०, म्हणजे १४ वॅट उष्णता बंद पॅनेलमध्ये साठते. आणि सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं.

म्हणून आता डायोडच्या जागी मॉसफेट, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा छोटा स्विच, येतो, आणि मला हा भाग फार आवडतो. ३ मिलिओहम रोधाच्या मॉसफेटवर २० अँपिअरला फक्त ०.०६ व्होल्ट पडतात, उष्णता १.२ वॅट. अडचण अशी, की चालू मॉसफेट दोन्ही दिशांना वाहतो. म्हणून त्याचं सोर्स नावाचं टोक सप्लायकडे आणि ड्रेन नावाचं टोक लोडकडे ठेवतात. म्हणजे त्याच्या पोटातला डायोड योग्य दिशेला राहतो. शेजारची चिप दोन टोकांमधले मिलिव्होल्ट सतत बघत असते. चिन्ह उलटलं की ती मायक्रोसेकंदाच्या आसपास गेट खाली ओढते, म्हणजे मॉसफेट बंद करते.

मग त्या रात्री काय झालं? दोन सप्लाय जोडणारं मधलं मॉड्यूल निर्दोष होतं. एक सप्लाय कधीचाच मेला होता, आतल्या कपॅसिटरची टोपी फुगलेली, जाळीवर भुश्शाचा थर. दुसऱ्याने सगळा भार एकट्याने ओढला, म्हणून त्या रात्री तोही बंद पडेपर्यंत कुणाला पत्ताच लागला नाही. दोन्हींवरचे 'डीसी ओके' टर्मिनल मोकळे होते. पहिला सप्लाय मेला ही बातमी पीएलसीला द्यायची ती वायरच कुणी ओढली नव्हती. शिवाय दोघांना वीज एकाच एमसीबीतून!

आम्ही २० अँपिअरचे दोन नवे सप्लाय बसवले. १०-१० चे दोन घेणं म्हणजे जोडी नव्हे, कारण एक गेला की उरलेल्याला भार पेलत नाही. एक यूपीएसवर घेतला, दुसरा थेट लाइनवर. डीसी ओकेच्या वायरी पीएलसीच्या इनपुट कार्डात नेल्या. मग मिल चालू असतानाच एकाचा एमसीबी खाली पाडला. मीटर २३.९ वर स्थिर राहिला, आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल पट्टी आली: सप्लाय १ बंद.