इंग्लंडमधल्या काउंटी घराण्यांची मृत्युपत्रं आणि वारसा-दप्तरं

इंग्लंडच्या एखाद्या काउंटीत पिढ्यानपिढ्या जमीन बाळगून असलेली, शेरीफ, जस्टिस ऑफ द पीस, पार्लमेंटचा मेंबर अशी पदं घरातल्या घरात फिरवणारी, बड्या लॉर्डांच्या खाली पण साध्या शेतकऱ्याच्या वर अशी जी घराणी होती, त्यांची मालमत्ता माणूस गेल्यावर कुणाकडे आणि कशी गेली हे दाखवणारी ही कागदपत्रं. ह्यात मृत्युपत्रं, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा हुकूम), घरातल्या सामानाच्या याद्या, लग्नाच्या वेळची सेटलमेंटं (जमीन पुढे कुणाकडे जाणार ते आधीच बांधून ठेवणारे करार), राजाच्या अधिकाऱ्यांच्या वारस-चौकशा, मॅनर कोर्टाची, म्हणजे जमीनदाराच्या गावपातळीवरच्या कोर्टाची, दप्तरं आणि कोर्टातल्या भांडणांचे कागद असं सगळं येतं. काळ साधारण १३व्या शतकापासून १९२५ पर्यंतचा धरायची पद्धत आहे. नव्याने वाचणाऱ्याला पहिल्यांदाच सांगायला पाहिजे की अशा घराण्याची जमीन बहुतेक वेळा मृत्युपत्राच्या बाहेरूनच पुढे गेलेली असते, त्यामुळे नुसतं मृत्युपत्र वाचून 'बापाने थोरल्याला काहीच दिलं नाही' असा निष्कर्ष काढला तर तो जवळपास नक्की चुकतो, कारण थोरल्याला जे मिळायचं ते वीस-पंचवीस वर्षं आधीच सेटलमेंटमध्ये लिहून झालेलं असायचं.

मुळात जंगम आणि स्थावर ह्यांचे रस्तेच वेगळे. पैसा, गुरं, भांडी, कपडे, येणं असलेली कर्जं हे जंगम, आणि त्यावर चर्चच्या कोर्टांचा अधिकार. जमिनीवर राजाच्या कोर्टांचा अधिकार, आणि तिथला नियम असा की जमीन वारसाला आपोआप जाते, वारस थोरला मुलगा, मुलगा नसेल तर मुली आपसात सारख्या वाटून घेतात. १२व्या शतकाच्या शेवटी ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या कायद्याच्या ग्रंथात म्हटलंय की वारस देव घडवतो, माणूस नाही, म्हणजे जमीन मृत्युपत्राने देता येत नाही. सगळीकडे मात्र हेच नव्हतं. केंटमध्ये गॅव्हलकाइंड नावाची चाल होती, तिच्यात सगळ्या मुलांना सारखा वाटा, आणि तिथल्या काही मोठ्या घराण्यांनी जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १५३९ आणि १५४९ मध्ये पार्लमेंटचे कायदे करून आपल्या जमिनी ह्या चालीतून सोडवून घेतल्या. काही गावांत तर सगळ्यात धाकट्या मुलाला जमीन जायची. ही चाल कुठून आली ह्याबद्दल बरेच तर्क आहेत पण एकालाही भक्कम आधार नाही.

जमीन मृत्युपत्राने देता येत नसली तरी लोकांनी वाट काढलीच. १४व्या शतकापासून जमीन चार-पाच विश्वासू लोकांच्या नावावर करायची आणि 'माझ्या मागे अमक्याला द्या' असं त्यांना सांगून ठेवायचं, ह्याला यूज म्हणत. राजाचं त्यात नुकसान व्हायचं, कारण राजाकडून थेट जमीन धरणारा मेला आणि वारस २१ वर्षांच्या आतला असला तर जमिनीचं उत्पन्न आणि मुलाचं पालकत्व दोन्ही राजाकडे जायचं, आणि यूजमध्ये कागदावरचा मालक कधी मरतच नाही. लॉर्ड डेकरच्या जमिनीच्या खटल्यात १५३५ मध्ये न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने निकाल दिला, लगेच १५३६ मध्ये स्टॅट्यूट ऑफ यूजेस आला आणि ही वाट बंद झाली. चारच वर्षांत, १५४० मध्ये, स्टॅट्यूट ऑफ विल्स करून राजाने बरंच परत दिलं: सॉकेज पद्धतीची, म्हणजे लष्करी चाकरीऐवजी ठरावीक देण्यावर धरलेली, सगळी जमीन आणि लष्करी चाकरीच्या जमिनीतला दोन-तृतीयांश भाग मृत्युपत्राने देता येईल. ही माघार का घेतली ह्यावर मतं आहेत. १५३६ च्या उत्तरेतल्या बंडात, म्हणजे पिल्ग्रिमेज ऑफ ग्रेसमध्ये, यूजेसचा कायदा रद्द करा ही मागणी होती, त्यामुळे जुने अभ्यासक दोन्ही गोष्टींचा सरळ संबंध लावायचे. नंतरच्यांचं म्हणणं की बंडात आम जनतेचा ह्या मागणीशी फारसा संबंध नव्हता, ती जमीनदारांची आणि वकिलांची होती, आणि १५४० चा कायदा म्हणजे राजाने केलेली रोख तडजोड होती, एक-तृतीयांशावरचा हक्क पक्का करून घेऊन बाकीचं सोडलं. हे दुसरं मत जास्त पटतं, कारण त्याच १५४० मध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सही, म्हणजे अल्पवयीन वारसांवरचा राजाचा हक्क सांभाळणारं कोर्टही, उभं राहिलं. लष्करी चाकरीची पद्धत १६६० मध्ये कायमची गेली आणि मग जवळजवळ सगळी जमीन मृत्युपत्राने देता यायला लागली. १६७७ च्या स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्सने जमिनीच्या मृत्युपत्राला लेखी, सही केलेलं आणि तीन किंवा चार साक्षीदारांचं असण्याची सक्ती केली. १८३७ च्या विल्स ॲक्टने साक्षीदार दोनवर आणले आणि वय सरसकट २१ केलं, त्याआधी जंगम मालमत्तेपुरतं १४ वर्षांचा मुलगा आणि १२ वर्षांची मुलगीही मृत्युपत्र करू शकायची. लग्न झालेल्या बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा ते करता यायचं नाही, म्हणून जुन्या दप्तरात बायकांची जी मृत्युपत्रं सापडतात ती बहुतेक विधवांची नाहीतर अविवाहित बायकांची.

तोंडी मृत्युपत्रावरून किती वर्षं भांडण चालू शकतं ह्याचं नॉरफोकच्या पास्टन घराण्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. सर जॉन फास्टोल्फ नोव्हेंबर १४५९ मध्ये केस्टरच्या किल्ल्यात वारला, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्याने आपल्याला वारस नेमलं असा दावा त्याचा कायदेशीर सल्लागार जॉन पास्टन ह्याने केला, अट एवढीच की केस्टरला एक कॉलेज काढायचं आणि ठरलेली रक्कम द्यायची. बाकीच्या एक्झिक्युटरांना, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्यांना, हे मान्य नव्हतं. पास्टन १४६६ मध्ये गेला, भांडण मुलांकडे आलं, १४६९ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकने किल्ल्याला वेढा घालून तो घेतलाच, शेवटी १४७० मध्ये एक्झिक्युटरांपैकी बिशप वेनफ्लीटशी समझोता होऊन कॉलेजचा पैसा ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेला आणि ड्यूक वारल्यावर १४७६ मध्ये केस्टर पास्टनांना परत मिळालं. ते मृत्युपत्र खरं होतं की पास्टनने रचलं होतं ह्यावर अजून एकमत नाही, पण ह्या घराण्याची पत्रं टिकली म्हणून आपल्याला कोर्टाच्या निकालामागची माणसं दिसतात, बहुतेक घराण्यांच्या बाबतीत ते भाग्य नाही.

आता एन्टेल (जमीन वंशाला बांधून ठेवणं) आणि सेटलमेंट, म्हणजे ह्या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. १२८५ च्या डी डोनिस कायद्याने जमीन 'अमक्याला आणि त्याच्या वंशाला' अशी बांधता यायला लागली. १५व्या शतकाच्या उत्तरार्धात कॉमन रिकव्हरी नावाचा एक लुटुपुटूचा खटला चालवून ही बांधणी तोडायची सोय झाली. ती नेमकी कधी सुरू झाली ते सांगणं कठीण, १४७२ च्या टाल्टारमच्या खटल्याकडे बोट दाखवायची प्रथा आहे पण तोवर ही युक्ती वकिलांना माहीत असावी असं दिसतं. मग प्रश्न उरला की उधळा मुलगा निघाला तर काय. त्याचं उत्तर स्ट्रिक्ट सेटलमेंट. बाप फक्त हयातीपुरता मालक, त्याच्यामागे अजून जन्मालाही न आलेला थोरला मुलगा, आणि मधल्या काळात बापाने घोटाळा करून मुलाचा हक्क बुडवू नये म्हणून ट्रस्टी नेमलेले. बायकोला विधवा झाल्यावर वर्षाला ठरलेला जॉइंचर, धाकट्या मुलांना आणि मुलींना पोर्शन म्हणजे एकरकमी पैसा, हे सगळं लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसून ठरवायचे. मुलगा २१ चा झाला की बाप-लेक मिळून जुनी बांधणी तोडू शकायचे, आणि नेमकं तेव्हाच बाप मुलाला सालाना खर्चाला पैसे देऊ करून नव्या सेटलमेंटवर सही घ्यायचा, की मुलगाही पुन्हा हयातीपुरताच मालक, अशी पिढ्यांमागून पिढ्या जमीन कुणा एकाच्या हातात मोकळी अशी येतच नसे.

ही युक्ती ऑर्लँडो ब्रिजमन आणि जेफ्री पामर ह्या दोन वकिलांनी राजा आणि पार्लमेंटमधल्या यादवी युद्धाच्या काळात काढली, राजाच्या बाजूच्या लोकांच्या जमिनी जप्त होऊ नयेत म्हणून, असं १८व्या शतकातल्या कायदेपंडित ब्लॅकस्टोनपासून सांगत आलेत. इतिहासकार बॉनफिल्डने १६०१ ते १७४० मधली लग्नाची सेटलमेंटं तपासून दाखवलं की हे तुकड्यातुकड्याने जमत गेलं, ट्रस्टींचं कलम शेवटी आलं आणि रूढ व्हायला १७व्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. एखाद-दोन माणसांच्या डोक्यातून निघालेली गोष्ट म्हणण्यापेक्षा हे जास्त बरोबर वाटतं. परिणामांवर तर वाद आणखी मोठा. हबाकुकने १९४० मध्ये नॉर्थॅम्प्टनशर आणि बेडफर्डशर ह्या दोन काउंट्यांवरून मांडलं की १६८० ते १७४० मध्ये मोठ्या इस्टेटी आणखी मोठ्या झाल्या आणि छोटे जमीनदार मागे पडले, आणि सेटलमेंट हे त्याचं एक कारण. क्ले म्हणाला की त्या काळात मुलगे न होता घराणी संपण्याचं प्रमाण वाढलं होतं, त्यामुळे जमीन आपोआपच थोड्या हातांत आली. बॉनफिल्डचा मुद्दा साधा पण नेमका आहे, की मुलगा २१ चा होईपर्यंत बाप जिवंतच नसायचा अशी बरीच घरं होती, मग नवं सेटलमेंट करणार कोण? इंग्लिश आणि सॅव्हिल ह्यांनी दाखवून दिलं की सेटलमेंट लग्नातच होतं असं नाही, मृत्युपत्रातूनही होत होतं, म्हणजे आकडे फक्त लग्नाच्या कागदांवरून काढता येत नाहीत. आयलीन स्प्रिंगने सगळ्या प्रश्नाची दिशाच बदलली: कॉमन लॉप्रमाणे, म्हणजे राजाच्या कोर्टांतल्या कायद्याप्रमाणे, मुलगा नसेल तर मुलगी काकाच्या आधी वारस होते, आणि एन्टेलपासून स्ट्रिक्ट सेटलमेंटपर्यंतचा इतिहास बराचसा त्या मुलीला बाजूला ठेवण्याचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत हेच मत जास्त वजनाचं मानलंय.

लेडी ॲन क्लिफर्डचं प्रकरण ह्याच मुद्द्याचं, जरी क्लिफर्ड हे काउंटी घराण्याच्या वरचं, अर्लचं घराणं होतं. तिचा बाप जॉर्ज, कंबरलँडचा तिसरा अर्ल, १६०५ मध्ये वारला आणि त्याने वेस्टमोरलँड आणि यॉर्कशायरमधल्या जमिनी मृत्युपत्राने भावाला दिल्या, मुलीला १५,००० पौंड. तिचं म्हणणं की एडवर्ड दुसऱ्याच्या काळापासून जमीन मुलगा-मुलगी न बघता वंशाला बांधलेली आहे, बापाला ती देण्याचा अधिकारच नव्हता. १६१७ मध्ये खुद्द राजा जेम्सने तिच्या विरुद्ध निवाडा दिला, तिने तो मानायला नकार दिला, नवऱ्याचा दबाव होता तरी. १६४३ मध्ये चुलतभाऊ मुलाशिवाय वारला तेव्हा जमीन तिला मिळाली. ह्या लढ्यासाठी तिने घराण्याचे शेकडो वर्षांचे कागद शोधून, नकलून मोठमोठ्या वह्यांत बांधून घेतले, आणि एका बाईच्या जिद्दीमुळे उत्तर इंग्लंडच्या एका घराण्याचं दप्तर इतकं पूर्ण राहिलं.

कागद सापडतात कुठे? १८५८ च्या आधी प्रोबेट चर्चची कोर्टं द्यायची: आर्चडीकनचं (बिशपच्या हाताखालचा अधिकारी), बिशपचं, आणि वर दोन आर्चबिशपांची प्रेरोगेटिव्ह कोर्टं, कँटरबरी आणि यॉर्क. शिवाय पिक्युलियर म्हणून छोट्या छोट्या स्वतंत्र हद्दी होत्या, त्या शोधताना भलेभले दमतात. एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत ५ पौंडांहून जास्त माल असेल तर प्रेरोगेटिव्ह कोर्टात जावं लागायचं, आणि काउंटी घराणी गरज नसतानाही कँटरबरीकडे जायची, प्रतिष्ठा आणि दप्तराची सुरक्षितता दोन्हींसाठी. ह्या कोर्टाची १३८४ ते १८५८ मधली दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं आता क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, यॉर्कची बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. लक्षात ठेवायचं की रजिस्टरात असते ती कारकुनाने केलेली नक्कल, सही मूळ कागदावरच. १६५३ ते १६६० मध्ये चर्चची कोर्टं बंद होती म्हणून सगळ्या देशाचं प्रोबेट लंडनला झालं. १७३३ पर्यंत प्रोबेटचा हुकूम एरवी लॅटिनमध्ये, आणि १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा एक वर्षाने चुकतात. फक्त जमिनीचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेटची गरजच नव्हती, ती घराण्याच्या कागदांत शोधायची, नाहीतर यॉर्कशायर आणि मिडलसेक्सच्या दस्त-नोंदणी कचेऱ्यांत, त्यातली वेकफील्डची १७०४ पासूनची. डेव्हन आणि सॉमरसेटचं दुःख वेगळं. तिथली बहुतेक मृत्युपत्रं एक्सेटरला ठेवली होती आणि मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, आता आधीच्या अभ्यासकांनी उतरवून घेतलेले उतारे आणि वारसा-कराच्या कचेरीतल्या १९व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नकला ह्यांवरच भागवावं लागतं.

सामानाच्या याद्या १५२९ च्या कायद्यानंतर नियमित मिळतात आणि १८व्या शतकाच्या मध्यानंतर विरळ होतात. शेजारचे तीन-चार जण खोलीखोलीने फिरून किंमत लिहायचे. ह्यावरून घर किती श्रीमंत ते ठरवायचा मोह होतो, पण इतिहासकार मार्गरेट स्पफर्डने बजावलंय की यादीत जमीन नसते आणि माणसाने देणं असलेली कर्जंही बहुतेक नसतात. तिचाच दुसरा मुद्दा मृत्युपत्राच्या सुरुवातीच्या धार्मिक मजकुराबद्दल. 'माझा आत्मा देवाला, मेरीला आणि संतांना' की 'फक्त ख्रिस्ताच्या पुण्याईवर' ह्यावरून इतिहासकार डिकन्स वगैरेंनी यॉर्कशायर-नॉटिंगहॅमशरमध्ये प्रोटेस्टंट मत कधी पसरलं ते मोजलं होतं, स्पफर्डने केंब्रिजशरच्या गावांत दाखवलं की शब्द बरेचदा लिहिणाऱ्याचे असतात. जमीनदार वर्गाचं मृत्युपत्र वकील लिहायचा, तेव्हा तिथे तर अजून जपून.

समुद्रापलीकडची मालमत्ताही ह्या कागदांत येते. ग्लॉस्टरशरच्या डॉडिंग्टनच्या घराण्यातला क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन १७१० मध्ये वारला, त्याने बार्बेडोसचे मळे, तिथल्या गुलाम माणसांसकट, चर्चच्या एका मिशनरी सोसायटीला दिले, आणि ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजला पुस्तकं आणि १०,००० पौंड. माणसं अशी मृत्युपत्रातल्या ओळीत मालमत्ता म्हणून येतात, ते वाचताना थांबावं लागतं. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मेलेल्या धाकट्या मुलांची मृत्युपत्रं १७२६ च्या सनदेनंतर मुंबईच्या मेयर्स कोर्टातही सिद्ध होत, त्यांच्या नकला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

१८५८ च्या जानेवारीपासून प्रोबेट सरकारी कोर्टाकडे गेलं आणि दरवर्षी छापील कॅलेंडर निघायला लागलं. त्यातला आकडा बघून घराण्याची ऐपत ठरवू नये, १८९८ पर्यंत त्यात जमीन धरतच नव्हते, हजारो एकरांचा मालक तिथे फुटकळ रकमेचा दिसतो. १८८२ च्या सेटल्ड लँड ॲक्टने हयातीपुरत्या मालकाला जमीन विकायची मुभा दिली, पैसा मात्र ट्रस्टींकडे. थोरल्या मुलाचा आपोआप हक्क आणि केंटचं गॅव्हलकाइंड दोन्ही १९२५ च्या कायद्यांनी संपले, आणि नवीन स्ट्रिक्ट सेटलमेंट करायला १९९७ पासून बंदी आहे, जुनी मात्र चालू राहू शकतात.