‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधील उद्धार आणि आत्मबलिदान

चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) यांची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही ऐतिहासिक कादंबरी १८५९ मध्ये त्यांच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वाया गेलेल्या किंवा हिरावून घेतलेल्या आयुष्याचा उद्धार आणि त्यासाठी कोणीतरी स्वतःला देऊन टाकणे, हे तिचे मध्यवर्ती सूत्र आहे. कथानक १७७५ पासून फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वापर्यंत लंडन आणि पॅरिस या दोन शहरांत घडते. या कादंबरीत स्वतःच्या बळावर कोणाचाच उद्धार होत नाही. प्रत्येकाला दुसऱ्या कोणाच्या तरी हाताची गरज लागते, आणि तो हात पुढे करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

कादंबरीची मूळ कल्पना आपल्याला विल्की कॉलिन्स यांच्या ‘द फ्रोझन डीप’ या नाटकात काम करताना सुचली, असे डिकन्स यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. १८५७ मध्ये झालेल्या त्या प्रयोगांत त्यांनी रंगवलेला नायक, आपल्याला न मिळालेल्या स्त्रीच्या प्रियकराला वाचवताना प्राण देतो. क्रांतीच्या चित्रणासाठी त्यांना टॉमस कार्लाइल यांच्या १८३७ मधील इतिहासग्रंथाचा आधार मिळाला. तीन भागांपैकी पहिल्या भागाचे शीर्षकच ‘पुन्हा जिवंतांत बोलावलेला’ अशा अर्थाचे आहे. ते शब्द डॉक्टर मॅनेट यांच्या सुटकेची खूण म्हणून येतात.

मॅनेट यांनी पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात जवळजवळ अठरा वर्षे काढलेली आहेत. नाव विचारले, तर ते आपल्या कोठडीचा क्रमांक सांगतात आणि खाली मान घालून जोडे शिवत बसतात. त्यांची मुलगी ल्यूसी आणि बँकेचे कारभारी जार्व्हिस लॉरी त्यांना लंडनला आणतात व ल्यूसीच्या मायेने ते हळूहळू माणसांत येतात. मात्र हा उद्धार कायमचा ठरत नाही. आपला जावई चार्ल्स डार्ने हा ज्या एव्हरेमोंद घराण्याने आपल्याला तुरुंगात टाकले त्याच घराण्यातला आहे, हे लग्नाच्या सकाळी कळताच मॅनेट पुन्हा जोडे शिवू लागतात आणि नऊ दिवस भानावर येत नाहीत. त्यानंतर लॉरी आणि ल्यूसीला सांभाळणारी मिस प्रॉस त्यांचे जोडे शिवण्याचे बाक गुपचूप फोडून जाळतात, तेव्हा त्या दोघांना आपण एखादा गुन्हाच करत असल्यासारखे वाटते. व्याधीसुद्धा माणसाचा आधार झालेली असते, हे डिकन्स यांनी इथे फार हळुवारपणे ओळखले आहे.

डार्नेचा मार्ग त्यागाचा आहे. प्रजेला छळणाऱ्या आपल्या उमराव घराण्याची पदवी आणि मालमत्ता सोडून तो इंग्लंडमध्ये शिकवण्या करून राहतो. पण त्याग म्हणजे परिमार्जन नव्हे, ही बाब कादंबरी त्याच्याकरवी कठोरपणे दाखवून देते. त्याच्या आईला घराण्याच्या पापाची भरपाई करायची इच्छा होती. ती केली नाही, तर एक दिवस आपल्या मुलाकडूनच ती मागितली जाईल, अशी तिला भीती होती. तिचे हे शब्द मॅनेट यांनी १७६७ मध्ये कोठडीत लपवलेल्या जबानीत नोंदलेले आहेत. त्याच जबानीच्या शेवटी त्यांनी एव्हरेमोंद कुळातील शेवटच्या माणसापर्यंत सर्वांना शाप दिला आहे. १७९२ मध्ये आपल्या जुन्या कारभाऱ्याला वाचवण्यासाठी डार्ने पॅरिसला जातो आणि पकडला जातो. मॅनेट आपल्या यातनांचे पुण्य पणाला लावून त्याला एकदा सोडवतात. परंतु दुसऱ्या खटल्यात त्यांचीच जुनी जबानी वाचली जाते आणि जावयाला मृत्युदंड होतो. सासऱ्याच्या हातून, सासऱ्याच्याच अक्षरात आलेला हा निकाल हा साऱ्या रचनेचा कणा आहे. अन्याय सोसलेल्या माणसाचा न्याय्य संतापसुद्धा निरपराधापर्यंत पोहोचतो. आता केवळ काही सोडून देणारा माणूस पुरेसा नाही. स्वतःला देणारा हवा.

तो माणूस म्हणजे सिडनी कार्टन. बुद्धिमान, आळशी आणि दारूत बुडालेला हा वकील आयुष्यभर दुसऱ्याच्या नावलौकिकासाठी राबतो. त्याचा चेहरा डार्नेशी विलक्षण मिळताजुळता आहे. डार्नेवर लंडनमध्ये चाललेल्या आधीच्या एका खटल्यात त्या साम्यामुळे साक्षीदार डगमगतो आणि डार्ने सुटतो. पुढे तेच साम्य कार्टनला वधस्तंभापर्यंत नेते. ल्यूसीवर त्याचे प्रेम आहे, पण तिच्याकडून तो काहीच मागत नाही. तिच्या प्रिय माणसाचा जीव राखण्यासाठी आपण प्राणही देऊ, एवढेच तो तिला एकदा सांगून ठेवतो. पॅरिसमधील निर्णायक रात्री रस्त्यांवरून फिरताना त्याला वडिलांच्या दफनविधीत वाचलेली योहानाच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानाची वचने आठवत राहतात. चिखलातून एका लहान मुलीला तो उचलून पलीकडे नेतो आणि तिच्याकडून एक पापा मागून घेतो. एवढ्याशा प्रसंगात त्याचा बदल जितका दिसतो, तितका मोठ्या भाषणातून दिसला नसता.

कार्टनच्या कृतीत दोन गोष्टी विशेष आहेत. तो डार्नेची संमती घेत नाही. कोठडीत त्याला गुंगीचे औषध देतो, कपडे बदलतो, बेशुद्धावस्थेत बाहेर पाठवतो आणि त्याच्या जागी स्वतः थांबतो. शिवाय ही योजना भावनेच्या भरात आखलेली नसते. बार्सड या हेराचे गुपित हाती घेऊन, प्रवासाची कागदपत्रे व घोडागाडीची वेळ ठरवून, त्याने ती वकिलाच्या काटेकोरपणाने बांधलेली असते. ज्या कौशल्याचा आजवर दुसऱ्यांनी वापर करून घेतला, ते तो पहिल्यांदाच स्वतःच्या इच्छेने वापरतो. वधस्तंभाकडे जाताना त्याच्यासोबत असलेली गरीब शिवणकाम करणारी मुलगी तो डार्ने नाही हे ओळखते आणि त्याचा हात धरते. अखेरच्या क्षणी तो तिचाही आधार होतो, म्हणून हे बलिदान केवळ एका प्रेमकथेपुरते राहत नाही.

इतर पात्रांत मिस प्रॉस ल्यूसीच्या कुटुंबाला निसटायला वेळ मिळावा म्हणून सूडाने पेटलेल्या मादाम दफार्जशी झुंजते. झटापटीत मादामच्याच पिस्तुलाची गोळी मादामला लागते आणि मिस प्रॉसला कायमचे बहिरेपण येते. कबरी उकरून प्रेते विकणारा जेरी क्रंचर तो धंदा सोडण्याचा आणि बायकोच्या प्रार्थनेत पुन्हा आड न येण्याचा संकल्प करतो. या सगळ्यांच्या समोर उभी असते ती मादाम दफार्ज. एव्हरेमोंदांनी उद्ध्वस्त केलेल्या कुटुंबातील ती उरलेली मुलगी आहे. तिची जखम खरी आहे, पण भरपाई म्हणून ती ल्यूसी आणि तिच्या लहान मुलीचाही बळी मागते.

कार्टन ज्यांना वाचवतो ते त्याच्या जिव्हाळ्याचे मोजके लोक आहेत, आणि त्याच्या मृत्यूने त्या दिवशीची गिलोटीन, म्हणजे शिरच्छेदाचे यंत्र, थांबत नाही. ठरलेल्या बावन्न शिरांचा हिशेब पूर्ण होतो, त्यात त्याचा क्रमांक तेविसावा असतो. डिकन्स यांचे उत्तर खाजगी आहे, राजकीय नाही, आणि ही मर्यादा मान्य करूनच त्याची ताकद समजून घ्यावी लागते. कादंबरीच्या शेवटी येणारे, आजवरच्या कोणत्याही कृत्यापेक्षा हे कितीतरी चांगले, अशा आशयाचे वाक्य अनेकांना कार्टनचे अंतिम उद्गार म्हणून आठवते. प्रत्यक्षात तो ते उच्चारत नाही. त्याने आपले विचार बोलून दाखवले असते आणि त्यांत भविष्यदृष्टी असती, तर ते असे असते, एवढेच निवेदक सांगतो. गर्दीला मात्र तिथे आजवर दिसलेल्या चेहऱ्यांत सर्वांत शांत असा एक चेहरा आठवत राहतो.